शैनीच्या मागोमाग

परदेशी निघालेल्या घरात पहिलं भांडण होतं ते बॅगेच्या वजनावरून, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. दक्षिणेतल्या पाला गावाजवळच्या टेकडीवर रॉयच्या घरातही तेच चाललं होतं. रॉयची आई, अम्मच्ची, माशाच्या लोणच्याची आणखी एक बरणी बॅगेत कोंबत होती आणि सून शैनी ती हळूच बाहेर काढून ठेवत होती.

"अम्मच्ची, आयर्लंडात मासे मिळतात हो!"

"मासे मिळतील. माझ्या हातचं लोणचं मिळणार आहे का? ते जाडजूड कोट काढ आधी."

"कोट काढले तर तुमची नात गारठेल."

"मग रॉयचे शर्ट काढ. त्याला कोण बघतंय तिकडे!"

सगळे खळखळून हसले. रॉयही हसला, पण ते शेवटचं वाक्य त्याला टोचलंच.

बाजारातलं रंगाचं दुकान त्याने नुकतंच विकलं होतं. शैनी नर्स. गेल्या वर्षी ती एकटीच आयर्लंडला गेली, तिथल्या इस्पितळात नोकरीवर रुजू झाली. अंगाला सवय नसलेल्या थंडीत तिने भाड्याचं घर शोधलं, लेकीसाठी शाळा बघितली, नवऱ्याचे आणि लेकीचे कागद करून घेतले. आता रजा काढून ती आली होती, ती या दोघांना घेऊन जायला. अम्मच्ची शेजारच्याच घरात धाकट्या मुलाकडे राहणार होती.

सरळ, आनंदाची गोष्ट. मग बोच कुठे होती?

एका रविवारी प्रार्थना संपल्यावर पुरुषमंडळी चर्चच्या पायऱ्यांवर गप्पा मारत उभी होती. रॉयचा चुलतभाऊ जेसन सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे रॉय, बायकोचं बोट धरून विमानात बसणार म्हणे? तिकडे भांडी घासायला वेगळा परवाना लागतो का रे?"

मंडळी फिदीफिदी हसली. रॉयचे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, "बोट कशाला धरू? मला तिकडे बांधकाम कंपनीत सुपरवायझरची नोकरी लागलीय!"

झालं! दोन दिवसांत ही बातमी टेकडीवरच्या प्रत्येक स्वयंपाकघरात पोचली. रॉयचे मोठे काका, ज्यांना सगळे पेरप्पन म्हणत, त्यांची तर छाती फुगली. त्यांनी बसथांब्यापाशी भलामोठा फलक लावला. मधोमध कोटातला रॉय, मागे उडणारं विमान आणि खाली अक्षरं : 'कुटुंबाला सातासमुद्रापार नेणाऱ्या आमच्या रॉयचे हार्दिक अभिनंदन!' शैनी कोपऱ्यात होती, टपालाच्या तिकिटाएवढी.

बाजारातून परत येताना शैनीने तो फलक पाहिला. घरी येऊन ती कपड्यांच्या घड्या घालायला बसली. नवऱ्याला ती 'इच्चाया' म्हणायची. हातातली घडी संपवून म्हणाली, "इच्चाया, तुम्हाला नोकरी कधी लागली?"

रॉय ओशाळला. "अगं, लोकांची तोंडं बंद करायला बोलून गेलो. चार दिवसांनी आपण कुठे आणि ते कुठे!"

"खरंय," एवढंच शैनी म्हणाली. तिने पुढचा फ्रॉक घडी घालायला घेतला. तिने चिडून चार शब्द सुनावले असते तर रॉयला बरं वाटलं असतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी सकाळी एलियाम्मा टीचर निरोप द्यायला आल्या. मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. परदेशी जाणाऱ्या नर्सना इंग्रजीची जी अवघड परीक्षा द्यावी लागते, तिची तयारी शैनीने त्यांच्याच ओटीवर बसून केली होती. शैनीला त्यांनी पोटाशी धरलं, लेक एलिनाच्या कपाळावर बोटाने क्रूस काढला आणि मग म्हणाल्या, "रॉय, मला घरी सोड बघू. गुडघे कुरकुरतायत."

बसथांब्याजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली. काच खाली करून फलक नीट वाचला.

"मोने, छान दिसतोस कोटात," त्या पोटच्या पोराला हाक मारावी तशा म्हणाल्या. "आता सांग, कोण कोणाला नेतंय?"

"टीचर, पुरुषांना काय काय ऐकावं लागतं तुम्हाला ठाऊक नाही," तो म्हणाला. "बायकोच्या जिवावर चाललाय म्हणतात. अशाने मान खाली जाते."

"का जाते? जेसनचे आईकडचे आजोबा मलेशियाला गेले, त्यांच्या मागोमाग त्यांची बायको गेली. नवऱ्याच्या जिवावर चालली म्हणून तिला कुणी हसलं? उलट सगळे म्हणाले, नशीब काढलं पोरीने! मग नवरा बायकोच्या मागोमाग गेला तर नशीब फुटलं का?"

"पण टीचर, रीत—"

"थांब. माझं संपलं नाही. शैनी त्या परीक्षेत दोनदा नापास झाली. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा माझ्या ओटीवर हमसून हमसून रडली. म्हणाली, पुरे झालं, सोडते. माझं तिने काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी परत आली. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाली, 'इच्चाया म्हणाले, तू फक्त अभ्यास कर. चूल, पोरगी, अम्मच्चीची औषधं, सगळं माझ्याकडे.' आठवतं का रे तुला?"

रॉयला आठवत होतं. दुकान उघडण्याआधी तो भात चढवायचा. एलिनाच्या वेण्या घालताना सुरुवातीला एक वर आणि एक खाली व्हायची. शैनी परदेशी गेल्यावर पोरीला ताप आला, तेव्हा ती त्याच्याच कुशीत झोपायची. पण कुणी दुकानात आलं आणि विचारलं की तो म्हणायचा, घरचं सगळं अम्मच्ची बघते.

टीचरचा आवाज आता मऊ झाला. "तुझं दुखणं मला कळलं, मोने. जे तू केलंस ते तू लपवतोस आणि जे केलं नाहीस ते मिरवतोस! खोट्या नोकरीचा कोट चढवलास आणि खरा मानाचा सदरा पेटीच्या तळाशी दडवलास. यात शैनीचं नुकसान झालंच, पण तुझंही झालं. आणि तुझी लेक हे सगळं बघतेय. उद्या ती मोठं काही करेल, तेव्हा तिनेही कोपऱ्यातच उभं राहायचं का?"

रॉयने मान वळवून पुन्हा फलकाकडे पाहिलं. कोटातला तो माणूस त्याला अनोळखी वाटला.

संध्याकाळी घरी प्रार्थना होती. अंगणात मांडव, खुर्च्या, पातेल्यात उकडलेला कप्पा नावाचा कंद आणि लालभडक माशाचं कालवण. फादरनी आशीर्वाद दिला. मग पेरप्पन उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आपल्या घराण्यात परदेशात सुपरवायझर होणारा पहिला माणूस म्हणजे आपला रॉय! रॉय, बोल चार शब्द."

रॉय उभा राहिला. समोर सगळं गाव. पहिल्या रांगेत जेसन पायावर पाय टाकून बसलेला. शैनी मागे, बायकांच्या घोळक्यात, ताटं लावत होती.

"पेरप्पन, माफ करा," रॉय म्हणाला. "मला तिकडे कुठलीही नोकरी लागलेली नाही."

"मी खोटं बोललो. तुम्ही हसाल म्हणून घाबरलो. आयर्लंडला मी कुणाला नेत नाहीये. शैनी आम्हाला नेतेय! दोनदा नापास होऊनही ती पुन्हा परीक्षेला बसली. अनोळखी देशात एकटीने राहिली. आमच्यासाठी घर उभं केलं. आणि त्या फलकावर मी तिला कोपऱ्यात ढकललं!"

कुणीतरी मागून खुसखुसलं. जेसन म्हणालाच, "म्हणजे तिकडे जाऊन तू करणार काय?"

"स्वयंपाक करणार!" रॉय ताठ मानेने म्हणाला. "लेकीला शाळेत पोचवणार. शैनी ड्युटीवरून येईल तेव्हा गरम जेवण वाढणार. इतकी वर्षं तेच करतोय आणि चांगलं करतोय. नंतर काम मिळेल ते करेनच. पण आजही मी रिकामा नाही, आणि मला त्याची लाज नाही. माझी बायको या गावातून स्वतःच्या हिमतीवर निघालीय आणि मी तिचा नवरा आहे. याहून मोठी पदवी मला कोणती कंपनी देणार?"

अम्मच्ची उठली. पोरगी नर्स आहे म्हणून हे स्थळ नको, असं एकेकाळी म्हणणारी हीच अम्मच्ची. ती बायकांच्या घोळक्यात शिरली, शैनीच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिला दंडाला धरून पुढे आणलं. "इथे बस," तिने फादरशेजारची खुर्ची दाखवली. "आज वाढायचं आम्ही. ही माझी सून. नीट बघून घ्या सगळे!"

टाळ्या आधी बायकांच्या बाजूने वाजल्या. मग फादर हसत टाळ्या वाजवू लागले आणि मग सगळं अंगण. पेरप्पन थोडा वेळ गोरेमोरे होऊन उभे होते. शेवटी शैनीपाशी जाऊन लेकीला म्हणावं तसं म्हणाले, "मोळे, चूक झाली. बोल तू."

डोळे पुसत शैनी एवढंच म्हणाली, "मी एकटी गेले होते, पण मागे घराची काळजी मला एक दिवससुद्धा वाटली नाही. कारण घर इच्चायांकडे होतं." आणि ती रॉयकडे पाहून हसली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विमानतळावर न्यायला जेसनच गाडी घेऊन आला. बॅगा चढवताना त्याने रॉयला बाजूला घेतलं. त्याची बायको मिनी कुवेतला नर्स होती आणि जेसनचं दुमजली घर तिच्याच कमाईवर उभं होतं, हे गावाला माहीत होतं. जेसनच्या तोंडून मात्र कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"सकाळी मिनीला फोन केला," तो पुटपुटला. "म्हटलं, घर तू बांधलंस. तर ती बराच वेळ बोललीच नाही रे. मला वाटलं, फोन कट झाला."

"मग?"

"मग रडली. आणि म्हणाली, हे ऐकायला मी किती वर्षं वाट बघत होते."

रॉयने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघांनी मिळून उरलेली बॅग वर चढवली.

वाचकहो, आपल्याही गल्लीत अशी एखादी शैनी असते. तिच्या कष्टावर घर चालतं आणि नाव मात्र दुसऱ्याचं लागतं. असाच एखादा रॉयही असतो, जो घर जिवापाड सांभाळतो आणि लोक हसतील म्हणून ते लपवतो. कमावणारा हात बाईचा असला म्हणून घराचा मान कमी होत नाही आणि वाढणारा हात पुरुषाचा असला म्हणून पुरुषपण कमी होत नाही. ज्याचं श्रेय त्याला, चारचौघांत आणि मोठ्या आवाजात द्यायला आपण शिकू या. त्या दिवशी विमानतळाच्या दारात शैनी पुढे चालत होती, तिच्यामागे एलिना आणि एलिनाच्या मागे सामानाची गाडी ढकलणारा रॉय. त्याची मान खाली नव्हती. उलट, येणाऱ्याजाणाऱ्याने आपल्याला विचारावं, "तुम्ही कोणाबरोबर?" असंच त्याला वाटत होतं.