सासूबाईंच्या पायावरचं चिलट

रंगारी गाड्यांना रंग मारायचा. त्याने रंगवलेल्या बॉनेटमध्ये बघून माणसाने भांग पाडावा अशी त्याची ख्याती होती, आणि ती सगळ्यात जास्त त्याच्याच तोंडून ऐकू यायची. त्यामुळे एका सकाळी सासूबाई स्वतःहून दुकानात आल्या, खुर्चीत बसल्या आणि कृत्रिम पायावरचं कार्बन फायबरचं कवच सोडवून त्यांनी त्याच्या हातात ठेवलं, तेव्हा त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

कवचाची पार रया गेली होती. वरचा पारदर्शक थर उन्हाने पिवळा पडून पोपडे सुटले होते, आतली काळी वीण धुरकट दिसत होती.

"आई, नवंच घेऊ या का?"

"पाय ठणठणीत आहे. कातडी तेवढी सोललीय," सासूबाई म्हणाल्या. "जमत नसेल तर तसं सांगा."

एवढं ऐकल्यावर कोण मागे हटतो? त्याने पाणी सोडत बारीक पॉलिश पेपरने कवच घासायला घेतलं. हाताखालून दुधासारखं पाणी वाहायला लागलं.

"हे पाणी काळं झालं तर?" सासूबाईंनी विचारलं.

"तर आतला धागा कापला गेला असं समजायचं."

"मग होऊ देऊ नका," असं म्हणून सासूबाई, गॅसवर दूध ठेवल्यासारख्या, त्या पाण्यावर नजर लावून बसल्या. दुपारपर्यंत पाणी पांढरंच राहिलं.

मग त्याने कवच पुसून, सुकवून आतल्या खोलीत टांगलं, मास्क चढवला आणि क्लिअर कोटचे, म्हणजे पारदर्शक रंगाचे, थर मारायला सुरुवात केली. शेवटचा थर असा बसला की वीण पाण्याखालून वर आल्यासारखी उजळली. तो स्वतःवरच खूश होऊन बघत राहिला, तेवढ्यात दार उघडलं. कवचाविना उघड्या दांडीवर उभ्या राहून सासूबाई विचारत होत्या, "जेवायचं काय करताय?"

त्यांच्याबरोबर वारा आत आला आणि वाऱ्याबरोबर एक चिलट. ते खोलीभर हिंडलं आणि ओल्या थरावर, बरोबर दर्शनी भागात, पंख पसरून बसलं ते कायमचं.

रंगाऱ्याला रडावंसं वाटलं. "सुकलं की घासून काढतो. परत थर देतो."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी कवच खिडकीपाशी नेऊन न्याहाळलं. "राहू द्या."

"अहो आई, दुकानाची अब्रू जाईल."

"माझा पाय दिसला की लोक एकदम गप्प होतात, नाहीतर सुस्कारे टाकतात. जरा हसू देत की."

शेवटी त्याने चिलटासकट पॉलिश केलं. चिलटही काय चमकलं!

घरी जाताना बसमध्ये शेजारच्या बाईंनी वाकून ते दोनदा झटकलं. "उडायचं नाही ते," सासूबाई ऐटीत म्हणाल्या. "आमच्या जावयांनी बसवलंय. हे काय, मागेच उभे आहेत."

अख्खी बस मागे वळली. रंगारी खिडकीबाहेर बघत राहिला.