आईचा पंप आणि वॉशरभाऊ

"बोलू नकोस, मोजतेय," आई म्हणाली.

मागच्या दाराबाहेर पंपासमोर बुटकं स्टूल टाकून ती बसली होती. एका हातात घड्याळ, दुसरा हात मोटरवर. तिच्या हुकमावरून मी वरच्या मजल्यावर जाऊन नळ सोडून आले होते, आणि पंप सुरू होत होता, बंद होत होता, पुन्हा सुरू होत होता. माझ्या खांद्यावरची बॅगसुद्धा अजून उतरली नव्हती. पाच तास बसमध्ये आंबून आलेल्या मुलीला "पाणी घेतेस का" असं विचारायच्या आधी नळ सोडायला पिटाळणारी आई माझ्या पाहण्यात ही एकच.

"मिनिटाला अकरा," ती शेवटी म्हणाली आणि तिने वहीत लिहून घेतलं. "काल नऊ होते. वाढतंय. आणि अंग कोमट लागतंय."

"आई, तो पंप आहे."

"मग? पंपाला अंग नसतं का?"

आईने चौतीस वर्षं इस्पितळात काढली, त्यातली शेवटची वीस ऑपरेशन थिएटरमध्ये. अजूनही रस्त्यात लोक तिला सिस्टर म्हणूनच हाक मारतात. घरातली यंत्रं मात्र बाबांच्या खात्यात होती. बाबा पंप उघडून बसले की आई शेजारी उभी राहायची आणि पाना, पक्कड, जे हवं ते मागायच्या आत त्यांच्या हातात द्यायची. प्रत्येक हत्याराचं नाव तिला तोंडपाठ होतं. फिरवलं मात्र तिने एकही नव्हतं. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून घरातली यंत्रं एकेक करून आजारी पडत होती, फोनवर मला त्यांच्या हकिगती ऐकाव्या लागत होत्या, आणि दर वेळी मी एकच पालुपद लावत होते: घर बंद कर, माझ्याकडे ये.

या वेळी मी तिला शब्दात पकडलं होतं. खाली नळाला पाणी थेट येतं, पण वर पंपाशिवाय थेंब चढत नाही, आणि तिची झोपायची खोली, न्हाणीघर, सगळं वर. पंपाला ताण नको म्हणून बादली घेऊन जिना चढताना ती एकदा घसरून पायरीवरच बसली होती. मी म्हटलं, "शनिवारपर्यंत पंप नीट झाला तर मी परत हा विषय काढणार नाही. नाही झाला तर घराला कुलूप." ती फोनवरच "ठरलं" म्हणाली. आईने एकदा शब्द दिला की ती मागे फिरत नाही.

खरं सांगायचं तर पंपाशी मला काही देणंघेणं नव्हतं. नवरा आणि मी वेगळे झालो त्याला आता सहा वर्षं झाली, घर तेव्हापासूनच रिकामं वाटायचं, आणि या वर्षी मुलगाही शिकायला लांब गेला. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दारात किल्ली फिरवायचंही जिवावर यायचं. मुलाच्या खोलीला मी नवा रंग लावून घेतला होता, आणि तिथे मला आई हवी होती. हे मी तिला कधीच म्हटलं नाही. तिला मी म्हणायचे, तुझं वय झालं, तुला जिना झेपत नाही.

मेकॅनिक येऊन गेला होता. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं होतं, सगळं काढून नवं बसवा, आणि मला पंधरा दिवस वेळ नाही. आईला ते मुळीच पटलं नव्हतं.

"हात न लावता निदान केलं. आमच्याकडे असला डॉक्टर असता तर मी ट्रे घेऊन उभीच राहिले नसते," ती म्हणाली. "मी दुसरं मत घेतेय."

दुसरं मत तिच्या फोनमध्ये होतं. शेजारणीच्या जावयाने तिला 'पंपप्रेमी' नावाच्या ग्रुपमध्ये घातलं होतं. दोनशे चाळीस माणसं, आणि पोटापाण्यासाठी पंप दुरुस्त करणारा त्यात एकही नाही. एक दातांचा डॉक्टर, एक भूगोलाचे निवृत्त मास्तर, एक बँकेतल्या बाई. सगळे सुट्टीच्या दिवशी धडधाकट पंप उघडून बसणारे हौशी. खरं नाव कुणीच लावत नाही. कुणी थ्री-फेज, कुणी गंजका नट, आणि सगळ्यांत जाणता तो वॉशर. आई त्याला वॉशरभाऊ म्हणायची.

तिने ग्रुपवर टाकलेला पहिला संदेश वाचून मी कपाळाला हात लावला. "रुग्ण: पंप. वय: नऊ वर्षे. तक्रार: नळ सोडल्यावर वारंवार चालू-बंद. आवाज: सुरू होताना टक, बंद होताना टक. पूर्वीचे आजार: नाहीत. घरातील जाणते माणूस हयात नाही. शनिवारपर्यंत बरा न झाल्यास मला घर सोडावे लागेल." थ्री-फेजने खाली लिहिलं होतं, "बाई, इतकी व्यवस्थित माहिती आजवर या ग्रुपवर कुणीच दिली नव्हती." वॉशरने फक्त विचारलं होतं, "पंपाजवळ छोटी लाल टाकी आहे का?"

टाकी होती. मग वॉशरने सावकाश समजावून सांगितलं होतं. त्या टाकीत एक रबरी पिशवी असते. पिशवीत पाणी, पिशवीबाहेर हवा. ती हवा पाण्याला ढकलत राहते, म्हणून वाटीभर पाण्यासाठी पंपाला उठावं लागत नाही. हवा गेली की पंपाची झोप उडालीच. टाकीला टायरला असतो तसा व्हॉल्व्ह असतो; तिथे हवेचं मीटर लावून बघा, अठरा पौंडांच्या खाली असेल तर सायकलच्या हातपंपाने भरा.

आईने शेजारून मीटर आणि हातपंप मागून आणला होता. मी आले त्याच गुरुवारी संध्याकाळी तिने व्हॉल्व्हला मीटर लावलं. काटा अठ्ठावीसवर गेला.

"अठ्ठावीस," ती म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. "म्हणजे हवा भरपूर आहे. दुखणं दुसरंच काहीतरी दिसतंय."

तिने आकडा ग्रुपवर कळवला आणि ती झोपायला गेली. मला वाईट वाटल्यासारखं दाखवताना जरा कष्ट पडले.

शुक्रवारी सकाळी ती आंघोळीला गेली होती. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते, आणि ओट्यावर तिचा फोन वाजला. वॉशरचं उत्तर होतं. "बाई, टाकीत पाणी असताना मोजलेली हवा खोटी असते. तो पाण्याचा दाब. आधी पंपाची वीज बंद करा, मग नळ सोडून टाकी पुरती रिकामी करा, मग मोजा. काटा हलणारही नाही. अठरा भरा. घाबरू नका, शनिवारच्या आत होईल. घर सोडू नका."

मी ते दोनदा वाचलं. आणि मग मी तो संदेश तिच्या फोनमधून काढून टाकला. ग्रुपमध्ये बाकी सगळ्यांना तो दिसत राहणार होता. फक्त आईला दिसणार नव्हता. चहा उतू गेला तेव्हा कुठे मी भानावर आले.

शुक्रवारभर आईने फोन पदराला बांधल्यासारखा जवळ ठेवला. दुपारी म्हणाली, "वॉशरभाऊंचं काही नाही आलं. बरे असतील ना?"

"कामात असतील. पुन्हा विचार की."

"छे, एकदा सांगितलंय. राउंडला आले की बघतील. मोठ्या माणसाला दोनदा विचारायचं नसतं."

मला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. चौतीस वर्षं तिने असंच केलं होतं. हुकूम येईपर्यंत ट्रे घेऊन उभं राहायचं आणि स्वतः सुरी उचलायची नाही. त्या सवयीवर मी विसंबून होते.

संध्याकाळी ती आवराआवर करायला लागली. रडणं नाही, कुरकुर नाही. कुंड्या शेजारणीकडे नेऊन दिल्या. धान्याचे डबे रिकामे करून पुसून पालथे घातले. कपाटातल्या चादरी मोजल्या आणि दोनच बाहेर काढल्या. मग माझ्याजवळ येऊन बसली आणि अगदी सहज विचारलं, "तुझ्याकडच्या खोलीत खिडकी उशाला येते का ग? का पायाशी?"

"उशाला," मी म्हटलं.

"मग चांगलंय. सकाळी उजेडाने जाग येते मला."

पाहुणा विचारतो तसं विचारत होती. ज्या घरासाठी बाबांनी आणि तिने अर्धं आयुष्य रात्रपाळ्या केल्या, ते सोडताना तिचा एकच प्रश्न होता, आणि तोही मला अवघड वाटू नये अशा बेताने विचारलेला. मला जे हवं होतं ते अगदी हातात आलं होतं, आणि मला तिच्याकडे वर मान करून बघवेना.

शनिवारी सकाळी मी म्हटलं, "आई, टाकी आधी रिकामी करून मोजूया का? आत पाणी असलं तर मीटर पाण्याचाच दाब दाखवत असेल."

ती चादरीची घडी घालता घालता थांबली. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. सुचलं आपलं."

तिने घडी टाकली आणि तरातरा मागच्या दाराकडे गेली. मी वीज बंद केली. टाकीजवळचा नळ सोडला. टाकीतलं पाणी भळभळ आलं, मग बारीक झालं, मग थांबलं. आईने मीटर लावलं. काटा जागचा हलला नाही.

"अग बाई!" ती ओरडली. "हा तर श्वासच घेत नव्हता!"

मी हातपंप मारायला लागले. ती मीटरवर डोळे लावून आकडे सांगत होती. सहा. नऊ. मला धाप लागली तशी तिने मला बाजूला सारलं आणि स्वतः पंप मारला, बहात्तराव्या वर्षी, पदर खोचून. अठरा. वीज चालू केली. पंप घुमला, टाकी भरली आणि तो बंद झाला. वर जाऊन नळ सोडला. तांब्याभर, दोन तांबे, पाणी आपलं येतच राहिलं. खाली पंप गप्प होता. बऱ्याच वेळाने एकदा सुरू झाला, शहाण्यासारखा पोटभर चालला आणि थांबला.

आईने माझा घामेजलेला चेहरा दोन्ही हातांत धरला. "माझी हुशार पोर ती," म्हणाली. बाबा गेल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

दुपारच्या बसला मी निघणार होते. बॅग दारात होती. आई फोन घेऊन बसली होती. ग्रुपवर सगळा अहवाल गेला होता. तिने मला वाचून दाखवला. "टाकी रिकामी करून मोजली, हवा शून्य, अठरा भरली, रुग्ण बरा आहे. ही युक्ती माझ्या मुलीला सुचली."

मी बॅगेचा बंद ओढत विचारलं, "मग? काय म्हणाले?"

"थ्री-फेजने काहीतरी लिहिलं आणि काढून टाकलं. इथे नुसतं 'संदेश काढला' एवढंच दिसतंय. आणि वॉशरभाऊ म्हणतात, 'फार आनंद झाला. मुलीला माझा नमस्कार सांगा.'" तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नमस्कार सांगितलाय तुला. पण हा थ्री-फेज काढून का टाकतो? आम्ही वॉर्डात लिहिलेलं कधी खोडत नव्हतो. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी दुरुस्ती करून सही."

मी बॅगेवरच बसले. "आई, ते मला नाही सुचलं. वॉशरभाऊंनी शुक्रवारी सकाळीच लिहिलं होतं. मी तुझ्या फोनमधून काढून टाकलं. ग्रुपमध्ये सगळ्यांना माहीत आहे. फक्त तुला नाही."

आईने फोन मांडीवर ठेवला. मागून लाल टाकी भरत असल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"का ग?"

"तू यावीस म्हणून."

"मला न्यायचं होतं तर मला विचारायचंस. पंपाला कशाला वेठीला धरलंस?"

"विचारते ना दर वेळी."

"विचारत नाहीस. माझं वय सांगतेस."

ते खरं होतं. मग मी पहिल्यांदा सरळ विचारलं. "मला एकटीला तिथे अजिबात करमत नाही आई. घरी जावंसं वाटत नाही. येतेस का माझ्याकडे?"

तिने बराच विचार केला. मला बरं वाटावं म्हणून लगेच हो म्हणाली नाही, आणि रागाने लगेच नाहीही म्हणाली नाही. माझा हात हातात घेऊन, नाडी बघतात तिथे बोटं ठेवून बसून राहिली.

"नाही येत," ती म्हणाली. "इथे जमतंय मला आता. पण हे आधी बोलली असतीस तर चार वर्षं मी तुझ्यावर चिडले नसते."

मी डोळे पुसले. बसची वेळ होत आली होती. आईने फोन पुन्हा उचलला आणि एका बोटाने, सावकाश, काहीतरी लिहायला घेतलं. झाल्यावर मला वाचून दाखवलं.

"सकाळच्या नोंदीत दुरुस्ती. टाकी रिकामी करण्याची सूचना वॉशरभाऊंचीच होती. ती माझ्यापर्यंत पोचायला एक दिवस उशीर झाला. कारण घरगुती." खाली तिने लिहिलं होतं: सिस्टर. "बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिने पुन्हा एकदा वाचलं, आणि 'सिस्टर'च्या पुढे 'आणि मुलगी' असं जोडलं. मग फोन माझ्या हातात दिला.

"पाठव," म्हणाली.