वडिलांचं नाव

गल्लीत कुणाचाही अर्ज असू दे, भरायचा तो अण्णासो कुरण्यांनीच. रेशनकार्ड असो, विजेचं मीटर असो, पोराच्या जातीचा दाखला असो. एस.टी.त कारकुनी करून रिटायर झालेला माणूस, अक्षर ठसठशीत, आणि "इकडं आणा, तुमास्नी काय कळतंय त्यातलं" म्हणत समोरच्याच्या हातातला कागद ओढून घ्यायची खोड. गल्लीनं कौतुक करून करून ती वाढवूनच ठेवली होती.

तेव्हा सुनेचा अर्ज ते दुसऱ्याला कसे भरू देतील? सून श्रीलंकेची. पुण्यात शिकायला आली, तिथं अतुलशी जमलं आणि लग्न कोल्हापुरात झालं. नाव निलूका. पण नव्या सुनेला नवं नाव ठेवायचं ही आपल्याकडची रीत. अण्णासोंनी मांडवातच माईक हातात घेऊन सांगून टाकलं, आजपासून ही संघप्रिया. पोरगी हसली. तिला वाटलं, लाडाचं नाव असेल. दुसऱ्या दिवशी ती जावांच्या शिकवणीनं 'मामा' म्हणाली, तर अण्णासोंनी तिथंच अडवलं. मामाबिमा काही नाही, अतुल म्हणतो तसं आण्णा म्हणायचं. पोरीला जीव लावला हो त्यांनी, त्यात काडीची खोट नव्हती.

पुढं तिला इंग्रजी शाळेत नोकरी लागली, पगारातून कर कापायची वेळ आली आणि शाळेनं पॅन नंबर मागितला. अर्ज अण्णासोंनी ओढून घेतला. नावाच्या जागी लिहिलं, संघप्रिया अतुल कुरणे. खाली वडिलांचं नाव विचारलं होतं. लग्न झालेल्या बाईलाही तिथं वडीलच विचारतात, नवरा नाही. अण्णासोंनी बेधडक स्वतःचं नाव लिहिलं. "आता मीच बाप की हिचा," असं बायकोला, सोनूबाईला, वर ऐकवलंसुद्धा. ती पोरगी तेव्हा शाळेत मुलांचे पेपर तपासत होती. तिला कोण विचारतंय?

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात लंकेहून तिच्या भावाचा फोन आला. वडिलांची किडनी गेली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि ते सारखं निलूकाचं नाव घेत होते. असशील तशी निघ, म्हणाला.

अतुल विमानाचं तिकीट मिळवायला पुढं मुंबईला पळाला. पण इकडं कोल्हापुरात चौकशीला गेल्यावर शाहूपुरीतल्या तिकीटवाल्यानं तिचा परदेशी पासपोर्ट बघितला आणि मान हलवली. इथं एवढे दिवस राहून कमावलंय, म्हणजे कर चुकता केल्याचा दाखला लागणार. तो नसेल तर विमानतळावरनं परत पाठवतील. अण्णासो म्हणाले, हात्तिच्या, एवढंच ना. दाखले काढण्यात माझी हयात गेली, उद्या दुपारपर्यंत आणून देतो.

आयकर ऑफिसात निलूका नावाची बाईच नव्हती. कर कापलेला होता, पै न् पै भरलेला होता, पण तो संघप्रियाचा. अण्णासोंनी ठसक्यात लग्नाचा दाखला पुढं केला. साहेब तरणाबांड, बोलायला मवाळ. त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले, परत वाचले.

"काका, निलूकाचे वडील वेगळे आहेत आणि ह्या संघप्रियाचे वडील तुम्ही आहात. कागदावर ही तुमच्या मुलाची बहीण झाली. मी दाखला कुणाला देऊ?"

अण्णासो हसायला गेले. पण शेजारी उभ्या पोरीचं तोंड पांढरं पडलेलं बघितलं आणि त्यांच्या पायाखालची वाळू सरकली. साहेबाच्या हातापाया पडले, पोरीचा बाप तिकडं शेवटच्या घटका मोजतोय म्हणाले, नोकरीतल्या इमानाची शपथ घातली. साहेबाला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण तो तरी काय करणार? दोन्ही बायका एकच असल्याचं शाळेचं पत्र आणा, म्हणाला, आणि तुमचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणा.

शाळेला सुट्टी. मुख्याध्यापिका बाई भाचीच्या लग्नाला कुरुंदवाडला गेलेल्या. अण्णासो भर उन्हात लाल गाडीनं तिथं गेले, जेवणाच्या पंगतीत बाईंना गाठलं आणि खरकट्या हातानंच सही करा म्हणायला लागले. बाई हात धुवून आल्या तोवर हा माणूस उभ्या उभ्या रडायला लागला होता. घरी आले तर फोन येऊन गेलेला. वडील आता नीट बोलत नव्हते, नुसते दाराकडं बघत होते. सोनूबाईनं नवऱ्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. "लिव्हताना त्या पोरीला इच्यारायचं तर व्हतं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात टायपिस्टनं प्रतिज्ञापत्र खडाखडा बडवून दिलं. ते कोर्टातल्या साहेबापुढं वाचून दाखवायचं होतं. सदर संघप्रिया ही माझी मुलगी नाही, इथवर अण्णासोंनी वाचलं. त्यांनी सुनेकडं बघितलं. वाटलं, तिलाही लागलं असेल. तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं होतं. मग त्यांनी पुढचं ओरडूनच वाचलं, माझे तिच्याशी रक्ताचे कोणतेही नाते नाही, आणि सही ठोकली.

आयकराच्या साहेबानं ऑफिस सुटल्यावरही थांबून दाखला दिला. निलूकाच्या नावानं, तिच्या खऱ्या बापाच्या नावासकट. दोघं रिक्षानं तडक स्टँडवर आले. मुंबईची गाडी लागलेली होती. येते म्हणून सांगावं, एवढ्यासाठी तिनं एस.टी.डी. बूथवरनं भावाला फोन लावला. दोन शब्द बोलली आणि मग नुसतीच ऐकत राहिली. त्यांची भाषा अण्णासोंना कळत नव्हती. पण रिसीव्हर तिच्या हातातनं सुटला आणि वायरला लोंबकळत राहिला, तेव्हा कळायचं काही उरलं नाही.

"बाळा," म्हणत ते पुढं झाले. ती मागं सरली.

"दुपारी गेले," ती म्हणाली. "काल निघाले असते, तर भेटले असते."

अण्णासोंनी तिची पिशवी उचलली. अजून जायचंच होतं, मातीला तरी पोचायचं होतं. कंडक्टर घाई करत होता. ती पायरीवर चढली आणि वळली. आवाजात राग नव्हता. राग असता तर अण्णासोंनी सोसला असता.

"आण्णा, तिथं लिहायला मला बाप होता की."

"व्हय," अण्णासो म्हणाले. "होता."