दार लावून केलेलं बोलणं

“मी बायको आहे त्यांची. माझा शब्द पुरत नाही?” तिनं डॉक्टरांना विचारलं.

पुरत नव्हता. आमच्या हॉस्पिटलचा नियमच तसा. नवरा गेल्यावर त्याचे शुक्राणू काढून ठेवायचे, पुढे बायकोला त्यातून मूल व्हावं म्हणून, तर त्याला जिवंतपणी मूल हवं होतं हे बायकोखेरीज घरातल्या आणखी कुणीतरी सांगायला हवं. तेही एकेकाला आत बोलावून, कशासाठी विचारतोय ते न सांगता. पढवापढवी नको म्हणून. नियम करणाऱ्यांच्या घरात सगळे एकमेकांशी खरं बोलत असावेत, दुसरं काय म्हणणार?

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी कामावर असताना वरून पडला आणि दुपारी माझ्याच वॉर्डात त्यानं प्राण सोडला. शुद्ध होती तोवर मलाच म्हणत होता, “तुम्हाला त्रास झाला, सिस्टर.” आता जे काढायचं ते आजच काढायला हवं होतं, नाहीतर कायमचं गेलं.

“विचारा ना घरच्यांना,” ती म्हणाली. “सासूबाई तर नातवासाठी जीव टाकतात.”

आधी तिचा दीर आत आला. डोळे सुजलेले. मुलाबाळांबद्दल भाऊ काय म्हणायचा, असं डॉक्टरांनी विचारलं.

“दादाला नकोच होतं मूल. जेवताना सगळ्यांसमोर बोलला होता. मला मूल नको, हिला कुणी काही विचारायचं नाही, विषय संपला.”

मग सासूबाई आल्या. त्यांना वाटलं, सुनेत काही दोष होता का, अशी चौकशी चाललीय.

“तिच्यात काही खोट नाही हो. त्यालाच नको होतं. मी मेली उगाच तिला घालूनपाडून बोलत राहिले.”

उभ्या जन्मात पहिल्यांदा सुनेची बाजू घेतली बाईनं, आणि मुहूर्त शोधला तो हा. मी कपाळाला हात लावला.

डॉक्टरांनी बाहेर येऊन नकार सांगितला, तशी ती बाकावर बसली. माझ्याकडे बघत म्हणाली, “दोनदा पोटातच गेलं माझं, सिस्टर. घरी कळू दिलं नाही. सासूबाई मला बोलबोल बोलायच्या, म्हणून यांनी सगळं स्वतःवर घेतलं. तुझी तब्येत सुधारू दे, मग परत बघू, म्हणायचे. पण ते खोलीचं दार लावून. त्याला साक्षीदार कुठून आणू?”

सासूबाई तिथंच उभ्या होत्या. त्या तडक डॉक्टरांकडे गेल्या.

“तो खोटं बोलला होता, डॉक्टर. माझ्या तोंडाला भिऊन. त्याला मूल हवं होतं.”

“आई, आता कारण कळल्यावर सांगताय तुम्ही. हे धरता येत नाही.”

“मग मघाचं कसं धरलंत?”

डॉक्टरांनी समोरचा कागद मिटून ठेवला. मला त्यांचा असा राग आला! आणि त्याहून राग याचा, की त्यांचंही चुकत नव्हतं. नातवासाठी वाटेल ते बोलणाऱ्या सासवा मी काय कमी पाहिल्यात? नियम बरोबर होता, दीर खरं बोलला होता, सासूही खरंच बोलली होती. त्या पोरीचं वाटोळं व्हायचं ते झालंच.

संध्याकाळी मृतदेह ताब्यात द्यायची वेळ झाली. सासूबाई सुनेजवळ गेल्या.

“आता मला घरात कुणी काही विचारणार नाही ना, आई?” ती म्हणाली. आवाज जराही चढवला नाही.

सासूबाईंनी बाकावरची तिची पिशवी उचलली, स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि तिला पुढे जाऊ देऊन मागून चालू लागल्या.