पॅकिंगचा खालचा कोपरा

साहेबराव मिस्त्रीचं गॅरेज अहमदपुरात नांदेड रोडला, मोंढ्याच्या अलीकडं आहे. एप्रिलातल्या एका सकाळी चन्नबसप्पाने आपला छोटा ट्रक तिथं आणून लावला, तेव्हा साहेबराव पुढं झाला. गुडघ्यावर हात टेकून तो वाकला आणि खाली पाहिलं. इंजिनाच्या तोंडाशी टायमिंग चेनवर जे कव्हर असतं, त्याच्या खालच्या कोपऱ्यातून ऑइल गळत होतं. खालचं ऑइलचं चेंबर, पुली, पट्टा, सगळं काळं ओशट झालं होतं.

चार महिन्यांपूर्वी त्या कव्हरचं पॅकिंग त्यानेच बदललं होतं.

चन्नबसप्पा देगलूरकडचा. लातूरहून सरकी पेंड भरायची आणि मुखेड, नायगावपर्यंतच्या दुकानांत पोचवायची, हा त्याचा रोजचा धंदा. बारा वर्षं त्याने इंजिनाला साहेबरावशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. तो चिडलेला नव्हता. दर दोन दिवसांनी ऑइल ओतावं लागतं, दुकानदार दारातल्या डागांवरून बोलतात, एवढंच त्याने सांगितलं. मग स्वतःच म्हणाला, "पॅकिंगच डुप्लिकेट निघालं असंल, मिस्त्री. आजकाल माल कुठं नीट यायलाय."

"हाव, असंल," साहेबराव म्हणाला.

चन्नबसप्पा नवीन पॅकिंग आणि ऑइल सील आणायला गेला आणि साहेबरावने कामाला हात घातला. रेडिएटरचं पाणी काढलं, पंखा काढला, पट्टा उतरवला. पुली जाम बसली होती. पुलर लावून ती ओढताना त्याच्या पाठीतून कळ गेली. पत्र्याखाली दहा वाजताच भट्टी झाली होती. कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून त्याने एका पुठ्ठ्याला भोकं पाडून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी खोवून ठेवला. वय एकोणसाठ. पूर्वी हे काम करताना तो शेजारच्या चहावाल्याशी गप्पा मारायचा. आता प्रत्येक बोल्टनंतर थांबत होता.

कव्हर निघालं. त्याने ते उलटं करून उजेडात धरलं. माल अस्सल होता. डुप्लिकेट काही नव्हतं. फक्त खालच्या कोपऱ्यात पॅकिंग आत दुमडलं होतं, आणि त्याखाली लावलेली चिकट पेस्ट तिथंच बोटभर सरकलेली होती.

काय झालं होतं ते त्याला लगेच आठवलं. पॅकिंग पेस्टवर ठेवताना हात थरथरला होता. ते घसरलं, त्याने अंगठ्याने दाबून जागेवर आणलं, बसलं असं समजून वर कव्हर चढवलं.

हात थरथरायला लागून दीड वर्ष झालं होतं. पान्यावर जोर असला की हात शांत राहायचा. नाजूक काम आलं, बोटं जागेजवळ गेली, की हलायचा. लातूरच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या. गोळ्यांनी गुंगी यायची, हात मात्र हलायचाच. हे हळूहळू वाढत जाईल, असंही डॉक्टर म्हणाले होते. बायकोशिवाय त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं.

बायको, शिवकांता, बाराच्या सुमारास डबा घेऊन आली. ती ब्लाउज शिवते. लग्नसराई होती, पहाटे पाचपासून ती मशिनवर बसली होती आणि अजून अकरा ब्लाउज बाकी होते. डबा ठेवून लगेच परतायचं होतं तिला. पण साहेबराव इंजिनाच्या ब्लॉकवर चिकटलेलं जुनं पॅकिंग पातीने खरवडत होता आणि पाती उडून लोखंडावर ओरखडा पडला, तो तिने पाहिला.

"द्या इकडं," ती म्हणाली.

"तुझे कपडे खराब व्हतील."

"व्हऊ द्या."

त्याने चेनच्या तोंडात फडकं कोंबून दिलं, कचरा आत पडू नये म्हणून. ती स्टुलावर बसली आणि खरवडायला लागली. तासभर ते काम चाललं. पाती कशी आडवी धरायची तेवढं त्याने एकदा सांगितलं. मध्येच चन्नबसप्पा सामान घेऊन आला. मिस्त्रीची बायको इंजिनापाशी बसलेली पाहून तो दारातच थबकला, पिशवी ठेवली आणि बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसला.

सील साहेबरावने ठोकून बसवलं. ते जोराचं काम होतं. मग पेस्ट तिने लावली, त्याने सांगितली तितकी पातळ. ब्लॉकवरच्या दोन्ही खुंट्या आधी पॅकिंगच्या भोकांत येऊ दे, मग सोड, आणि एकदा टेकलं की सरकवू नको, असं त्याने दोनदा बजावलं. तिने दोन बोटांनी पॅकिंग धरलं, खुंट्यांवर आणलं आणि सोडलं. खालचा कोपरा नीट बसला. कव्हर त्याने उचललं, तिने खालून बघत त्याला दिशा सांगितली. मग समोरासमोरचे बोल्ट घेत त्याने तीन फेऱ्यांत सगळे आवळले.

पेस्ट सुकेपर्यंत तिघांनी भाकरी खाल्ली. चन्नबसप्पाने ऊन लई वाढलंय म्हटलं, त्यावर शिवकांताने मान हलवली.

दुपारी पाणी, ऑइल भरून गाडी चालू केली. चन्नबसप्पा शिरूर ताजबंदपर्यंत जाऊन आला. साहेबरावने खाली वाकून कोपऱ्यावर पांढरं फडकं फिरवलं. फडकं कोरडं निघालं.

चन्नबसप्पा किल्ली घेऊन निघाला होता. साहेबराव त्याच्या मागे दरवाजापर्यंत गेला.

"पॅकिंग चांगलं होतं त्या टायमाला," तो म्हणाला. "माझा हात हलला."

"मला ठावं हाय."

साहेबरावने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

"दिवाळीला तुम्ही चहा घेताना बशीत सांडत होता," चन्नबसप्पा म्हणाला. "तवाच कळलं."

"मग इथं काहून आणली गाडी?"

"दुसऱ्यानं कव्हर खोललं असतं, मिस्त्री. आतलं बघितलं असतं. अहमदपुरात बोलायला किती वेळ लागतो?"

साहेबरावला बरं वाटलं आणि लाजही वाटली. या माणसाने गळतं इंजिन घेऊन महिनोन्‌महिने ओझं ओढलं होतं. साहेबराव म्हणाला, यापुढं इंजिन खोलायचं निघालं तर लातूरला दाखव. ब्रेक, क्लच, ग्रीस एवढं मी करीन.

चन्नबसप्पा नको म्हणेल असं त्याला कुठंतरी वाटत होतं.

"बरं," चन्नबसप्पा म्हणाला, आणि गाडी काढून नांदेड रोडला लागला.

साहेबराव आत आला तेव्हा शिवकांता नखांतली पेस्ट काढत होती. साबणाने ती निघेना. असल्या हातांनी रेशमी ब्लाउजला हात लावता येणार नव्हता, आणि एक गिऱ्हाईक सहाला येणार होतं. साहेबरावने चिंधी रॉकेलमध्ये भिजवली, समोर बसला आणि तिची बोटं एकेक करून पुसायला लागला. त्याचा हात हलत होता. घाई असूनही तिने आपला हात काढून घेतला नाही.

"काय म्हनला त्यो?" तिने विचारलं.

"बरं म्हनला."

तिने दुसरा हात पुढं केला.