हात फिरवलेली रोजनिशी

आगाशीत रामचंद्र चुरींना चित्रकार म्हणणारी माणसं दोनच. एक ते स्वतः आणि दुसरा शेजारच्या नंदाखाल गावचा रॉबर्ट. रॉबर्ट त्यांच्या चित्रांना फ्रेमा करून द्यायचा, त्यामुळे त्याचं मत धंद्यातलं होतं. बाकी सगळं गाव त्यांना 'ड्रॉइंगचे चुरीसर' म्हणायचं. आणि ते खरंच होतं म्हणा. सगळी नोकरी मुलांना माड, होडी आणि मावळता सूर्य शिकवण्यात गेली. सूर्य दोन डोंगरांच्या मधे मावळायचा. आता आगाशीहून अर्नाळ्याचा समुद्र हाकेच्या अंतरावर, सूर्य रोज सरळ पाण्यात बुडतो, डोंगराचा तिथं संबंध काय? पण पुस्तकात तसा होता, म्हणून सरांनीही तसाच शिकवला.

तर अशा या चुरीसरांना मुंबईच्या एका कलासंग्रहालयातून फोन आला.

फोन करणारी रचना, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. खाडीकाठच्या नारिंगीची. संग्रहालयात चित्रकारांची खासगी कागदपत्रं सांभाळायच्या खात्यात ती कामाला होती. रोजनिशा, पत्रं, कच्ची रेखाटनं, कात्रणं, असं सगळं तिथं पेट्यांत घालून, वर नाव लिहून, थंड खोलीत ठेवतात म्हणे. "मोठ्यांचं खूप आहे सर आमच्याकडे," ती म्हणाली, "आता गावोगावच्या कलाशिक्षकांचं पण ठेवायचं चाललंय. मी तुमचं नाव दिलंय. समितीपुढे जायच्या आधी मी एकदा येऊन बघून जाते."

सरांनी यातलं 'गावोगावच्या कलाशिक्षकांचं' एवढं ऐकलंच नाही. 'मोठ्यांचं' आणि 'तुमचं' हे दोन शब्द त्यांनी अलगद उचलून शेजारी शेजारी ठेवले.

संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी. फुलवाल्याला कळली, बसच्या रांगेत कळली, देवळाच्या ट्रस्टला कळली आणि ट्रस्टनं तर सत्कारच ठरवून टाकला. सर 'कशाला, कशाला' म्हणाले, पण ते कुठल्या आवाजात म्हणाले ते ऐकणाऱ्याला बरोबर समजलं. शालसुद्धा आणून झाली.

"तुमचे कागद?" सरांच्या पत्नी सुमनताई चुलीपाशी नारळ खवताना म्हणाल्या. "अहो, परवा लाइटबिल सापडेना म्हणून तुम्ही मलाच ओरडलात."

"ते बिल होतं. हे कलेचं आहे."

"बरं बाई. कलेला तरी वाळवी लागलेली नसली म्हणजे मिळवली."

दुसऱ्या दिवशी सरांनी माळ्यावरून जुन्या कागदांचं पोतं काढलं. मोठ्या थाटात ओटीवर बसले, चष्मा पुसला आणि पहिली वही उघडली. 'आज चित्र काढायला बसलो. डुलकी लागली.' दुसरं पान: 'केळींना शेण घातलं. पाठ दुखते.' तिसऱ्या पानावर हेडमास्तरांबद्दल एकच शब्द, तो काही इथं सांगण्यासारखा नाही. मुंबईच्या वार्षिक प्रदर्शनाला पाठवलेली चित्रं नापसंत करून परत पाठवल्याच्या चिठ्ठ्यांचा तर गठ्ठाच होता, सुतळीनं बांधलेला. एका चिठ्ठीच्या पाठीवर विरारच्या चणेवाल्याचा पाय काढलेला. नुसता पाय, कारण तेवढ्यात आगाशीची बस आली असावी.

सर हबकलेच. हे संग्रहालयात? थंड खोलीत? हातात पांढरे मोजे घालून कोणीतरी विद्वान ही वही उघडणार आणि वाचणार, डुलकी लागली?

आता इथं एक सांगायला हवं. ड्रॉइंगच्या मास्तरांत हात फिरवणं नावाची एक रीत असते. स्पर्धेला चित्रं पाठवायची वेळ आली की मुलं घरी गेल्यावर मास्तर ब्रश घेतो, कलता माड सरळ करतो, आभाळ जरा उजळतो, होडीला सावली देतो. खाली नाव मुलाचंच राहतं. यात कोणाला काही पाप वाटत नाही. बक्षीस मुलाला, नाव शाळेला, समाधान मास्तरला. चुरीसरांचा हात तर तालुक्यात नावाजलेला. परीक्षक चित्र बघूनच म्हणायचे, हा माड चुरींचा. तेव्हा पोत्यातलं ते आयुष्य बघून सरांचे हात शिवशिवले, यात नवल ते काय?

वाडीत केळीचा पाचोळा जाळायला ढीग लावला होता. सरांनी पोतं त्यावर रिकामं केलं.

"काय जाळताय हो?" सुमनताईंनी विचारलं.

"कचरा."

"कागदाचा वास येतोय."

"कागदाचाच कचरा आहे."

आणि मग सरांना ती नामी युक्ती सुचली. बँका, पतपेढ्या, खतवाले दरवर्षी डायऱ्या वाटतात आणि त्या चांगल्या आहेत म्हणून आपण जन्मात वापरत नाही. सरांकडेही कोऱ्या करकरीत डायऱ्या होत्या, एकोणऐंशीपासूनच्या. कागद जुना, तारखा छापील, वार बरोबर. फक्त लिहायचं राहून गेलेलं! राहिलेला गृहपाठ पूर्ण करायला कोणाची परवानगी लागते?

शाईपेन धुऊन घेतलं आणि सर बसले. रोज सकाळी पूजा झाली की एकोणऐंशी साल. 'आज वसईच्या पाचूबंदरला प्रकाशाचा अभ्यास केला. रंग म्हणजे काय, हा प्रश्न छळतो आहे.' सर वाचून थक्क झाले. तेव्हा आपल्याला कोणता प्रश्न छळत असेल तर तो पगार कधी होणार हा. पण हे कसं भारदस्त दिसतं! मोठमोठ्या चित्रकारांना आपण पत्रं पाठवल्याचंही त्यांनी नोंदवलं. उत्तरं आली नाहीत हे मात्र प्रामाणिकपणे लिहिलं. अगदीच खोटं नको.

रॉबर्ट एकदा येऊन बसला, दोन पानं वाचली आणि म्हणाला, "रामा, हा माणूस कोण रे? याला मी कधी भेटलो नाही."

"तुला फ्रेम कळते. आतलं कळत नाही."

"असेल बाबा. पण या माणसानं माझ्याकडे फ्रेम केली नसती एवढं कळतं."

सर त्याच्यावर दोन दिवस फुगून बसले.

रचना आली ती दोन-तीन महिन्यांनी, एका रविवारी सकाळी. ओटीवर सतरंजी घातली होती, डायऱ्या रांगेत मांडल्या होत्या. सुमनताईंनी सुकेळी, म्हणजे घरची वाळवलेली केळी, आणि चहा ठेवला. रचनानं हात धुतले, पुसले, पहिली डायरी मांडीवर घेतली आणि वाचू लागली. सर तिच्या चेहऱ्याकडे असे बघत होते, जसा परीक्षेच्या निकालाच्या दिवशी नापासाच्या काठावरचा मुलगा मास्तरकडे बघतो.

"सर, एकही दिवस चुकला नाही तुमचा."

"शिस्त."

"खाडाखोड पण नाही कुठे."

"विचार करूनच लिहायचो."

तिनं पान उलटलं, परत मागे आली. "हे एकोणऐंशीतलं ना? इथं लिहिलंय, 'आपल्या पालघर जिल्ह्याला निसर्गाचं वरदान आहे.'"

एकोणऐंशीत जिल्हा ठाणे होता. पालघर वेगळा झाला तो परवा परवा, दोन हजार चौदात. आणि दुसरं कोणी विसरलं तर एक वेळ चालेल. पण त्या वर्षी शाळेच्या पटांगणात नव्या जिल्ह्याच्या नकाशाची रांगोळी खुद्द चुरीसरांनी काढली होती.

"दूरदृष्टी," सर म्हणाले.

हे आपल्याच तोंडून निघालं यावर त्यांचा विश्वास बसेना. रचनानं ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. मग सरही हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काय हा गाढवपणा! शेंबड्या पोरानं कॉपी करताना शेजाऱ्याचा नंबरही उतरवून घ्यावा, तसं झालं हे.

"खऱ्या कुठे आहेत, सर?" रचनानं विचारलं.

"जाळल्या."

तिचं हसू तिथंच थांबलं. "सगळ्या?"

"काही नव्हतं गं त्यात. झोपेच्या नोंदी आणि परत आलेल्या चित्रांच्या चिठ्ठ्या."

"तेच हवं होतं." तिचा आवाज चढला. "मी मीटिंगमध्ये भांडले सर तुमच्यासाठी. बाकीचे म्हणाले, शाळामास्तरचं काय ठेवायचं? मी म्हटलं, नोकरी करून, वाडी बघून, दरवर्षी नाकारलं तरी परत चित्र पाठवणाऱ्या माणसाचे कागद कोणीच ठेवत नाही, म्हणून ठेवायचे. आता समितीपुढे काय नेऊ? हे?"

शाल, ट्रस्ट, फुलवाला, बसची रांग, सगळं सरांच्या डोळ्यांपुढे आलं. पेटीवरचं नाव तर पुसटच व्हायला लागलं. "हेच ने," ते घाईघाईनं म्हणाले. "तो पालघर शब्द तेवढा मी ब्लेडनं खरवडतो. कळणार नाही बघ. वरून शाई अशी बसवतो की..."

"परत हात फिरवताय, सर."

सरांचा हात डायरीवर तसाच राहिला.

"सातवीत माझा पहिला नंबर आला होता, आठवतो?"

"न आठवायला काय झालं? होडी! काय होडी होती, वा!"

"तुमची होती ती. मी बाबांची काढली होती. एका बाजूला वाकलेली, आणि जिथून गळायची तिथं डांबर फासलेलं. ते डांबर काढायला मला दोन दिवस लागले होते. तुम्ही होडी सरळ केलीत, डांबर झाकलंत आणि वर पांढरं शीड चढवलंत. आमच्या होडीला शीडच नव्हतं सर." ती चहाच्या कपाकडे बघत बोलत होती. "बक्षीस घेऊन घरी गेले. बाबांनी चित्र उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, 'कोनाची होडी गो ही?'"

सरांना लाज वाटली. सत्काराची नाही, डायऱ्यांची तर मुळीच नाही. नारिंगीच्या त्या माणसानं चित्र उजेडात धरलंय आणि त्यात तो आपली होडी शोधतोय, याची लाज वाटली.

"मग आता माझ्याजवळ राहिलं काय?" त्यांनी विचारलं.

रचनानं पिशवीतून एक छोटं यंत्र काढून सुकेळ्यांच्या बशीशेजारी ठेवलं. "तुम्ही राहिलात ना. बोललेलं पण आम्ही कागदांसारखंच ठेवतो. या डायऱ्या पण नेते, वर लिहीन, निवृत्तीनंतर लिहिलेल्या. पेटीवर नाव यावं म्हणून मी परत भांडेन. पण आत काय असेल ते तुमच्यावर आहे. एकच सांगते, यातलं काही पुसत नाही आम्ही. खोकलात तर खोकला पण राहतो."

तिनं बटण दाबलं. लाल दिवा लागला. सर ताठ बसले, घसा साफ केला.

"कलेच्या या प्रदीर्घ प्रवासात..."

"कुठला प्रवास?" आतून सुमनताईंचा आवाज. "विरारच्या पुढे जायचं म्हटलं तर तुम्हाला ताप भरतो."

सरांनी दिव्याकडे बोट दाखवून रचनाला भुवयांनी विचारलं. तिनं मान हलवली. तेही राहणार होतं.

मग सर थोडे सैल बसले. भिंतीला टेकले. आणि भाषण बाजूला ठेवून बोलायला लागले. दरवर्षी चित्र कसं जुन्या लुगड्यात गुंडाळून न्यायचे, परत आणताना तेच लुगडं कसं जड लागायचं. घरी कोणाला कळू नये म्हणून आधी रॉबर्टकडे कसं टाकून यायचे, आणि रॉबर्टनं कधी एका शब्दानं विचारलं नाही ते. मुलांच्या चित्रांवर हात फिरवत एकटेच वर्गात बसायचे ते. तिथं कोणी नाकारणार नाही, हे माहीत असायचं.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "माझी चित्रं बरी होती. फार चांगली नव्हती."

एवढं बोलून सर थांबले. इथं कोणीतरी 'छे छे, सर' म्हणायची रीत असते, आणि त्यांनी तेवढी जागाही सोडली होती. कोणी काही म्हणालं नाही. वाडीत पंप चालला होता, तेवढाच आवाज. सरांना आपलंच हसू आलं. या वयात, या वाक्यानंतरही, म्हातारा टाळीची वाट बघतोय!

पण रचनाचा चेहरा पडला. आत्तापर्यंत एवढी ठाम बोललेली मुलगी. तिचा हात आपोआप यंत्राकडे गेला. "सर, हे एवढं वाक्य हवं तर..."

"राहू दे," सर म्हणाले. "आहे तसं राहू दे."

सुमनताई ओला हात पदराला पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, मग त्या लाल दिव्याकडे जरा वाकून, फोनवर दूरच्या माणसाशी बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, "अगदीच वाईट पण नव्हती हो!"

"हे पण राहू दे," सर म्हणाले.