लाकडी गोळा

टण्ण्!

अंगुस्तान, शिवताना बोटात घालायची ती धातूची टोपी, फरशीवर पडलं, गरगरत गेलं आणि कपाटाखाली जाऊन गप्प झालं. टळटळीत दुपार. चिमुरडी मुंगी आत्ता कुठे झोपली होती. तिच्या आईने श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. मुंगीने नुसती कूस बदलली.

"पडू दे हं बाबा, मी देते काढून," आई कुजबुजली आणि हातातला मुंगीचा फाटका मोजा खाली ठेवून उठली.

खिडकीपाशी बसलेल्या बाबांना, तिच्या वडिलांना, पत्ताच नव्हता. मधलं बोट तेवढं त्यांनी हवेत धरलं होतं, अंगुस्तान अजून त्यावरच असल्यासारखं. चाळीस वर्षं रफूचं काम केलेलं बोट ते. त्यांनी रफू केलेला कोट गिऱ्हाईक उन्हात धरायचं, भोक कुठे होतं ते शोधायचं आणि हरायचं. आता दिवसभर अंगुस्तान बोटात लागतं, नाहीतर ते रडतात. आवाज न करता, लहान मुलासारखं तोंड वाकडं करून.

तिने ते कपाटाखालून काढलं, पदराला पुसलं, त्यांच्या बोटात घातलं. परत येऊन मोजा उचलला. मुंगी उठेपर्यंतचा तासभर काय तो तिचा. आणि चार वाजता दवाखाना.

दवाखान्याचा विचार आला तशी तिने सुईत नवा धागा ओवला.

तीन वर्षांपूर्वी हे सगळं सुरू झालं ते एका वकिलाच्या कोटावरून. वकील तणतणत दुकानात आला. "अहो, बाहीत हात जाईना!" बाबांनी कोपराजवळचं भोक इतकं बेमालूम बुजवलं होतं की बाहीची वरची आणि खालची बाजू एकमेकींना शिवली गेली होती. रफूगराच्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट, बाही असो की मोजा, आधी आत लाकडी गोळा सारायचा, मग सुई लावायची. बाबा गोळाच विसरले होते. "घाईत होतं कुणाचंही," ते म्हणाले होते. "आणि वकिलाचे हात बांधले, म्हणजे लोकांवर उपकारच की!" घरात आठवडाभर हसणं चाललं. मुंगीला तर ती गोष्ट रोज लागायची.

महिन्याभरात दुसरी बाही शिवली गेली. मग तिसरी. मग हातातलं बळ गेलं, मग शब्द गळायला लागले.

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, "पेशीच्या गाभ्यात डीएनएचा धागा असतो. तो सगळ्यांचाच रोज कुठे ना कुठे तुटतो आणि रोज जोडलाही जातो. त्या जोडकामाला मदत करणारं एक प्रोटीन गाभ्यात असावं लागतं. यांच्या आजारात ते गाभा सोडून बाहेर येतं, बाहेरच त्याच्या गुठळ्या होतात. आतले तुटलेले धागे मग तसेच साचत जातात."

बाबांना तेव्हा अजून बोलता येत होतं. अडखळत म्हणाले, "म्हणजे रफूगर... दुकान सोडून... नाक्यावर जाऊन बसला."

बाईंना हसू आवरेना. पुढचं मात्र त्यांनी बाबांना बाहेर बसवून सांगितलं. तुमच्या घरात हा दोष रक्तातून आलाय. मुलांत उतरायची शक्यता निम्मी.

तेव्हापासून ती स्वतःवर पाळत ठेवून होती. दूध उतू गेलं, की हे तेच का? शेजारणीचं नाव ओठावर येऊन अडलं, की हे तेच का? शेवटी एकदाचं तपासणीला रक्त दिलं. "ऐकायचं की नाही, ते तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या होत्या. "नको म्हणालात तर रिपोर्टचं पाकीट बंदच राहील." तिचं ठरलं होतं. नकोच. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज जाऊन तेवढंच सांगायचं आणि परत यायचं.

टाचेवर उभे धागे भरून झाले. आडवा धागा एक वर, एक खाली, एक वर, एक खाली. तिने गाठ न मारता टोक जिरवलं.

सव्वातीनला मुंगी उठली, दूध प्यायली आणि मोजे घालायला फतकल मारून बसली.

"आई, पाय जाईना."

"ओढ जरा. नाटकं नकोत, उशीर होतोय."

"अगं खरंच! मोज्याने तोंड मिटलंय."

"आण इकडे, ढोंगी कुठली!"

तिने मोज्यात बोटं घातली. टाचेपाशी अडली. इतकं सुबक रफू तिच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते मोज्याच्या दोन्ही बाजू धरून होतं.

गोळा?

शिवणाच्या डब्यात नव्हता. पलंगाखाली नव्हता. तो बाबांच्या मांडीवर होता, त्यांच्या तळव्याखाली, अंडं उबवायला ठेवल्यासारखा. तिनेच दिला असणार. घरात दुसरं होतं कोण? अंगुस्तान पुसलेलं आठवत होतं. बोटात घातलेलं आठवत होतं. गोळ्याचं काहीच आठवत नव्हतं.

"घाईत होतं कुणाचंही," ती मोठ्याने म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून गारठली.

तिने कात्री घेतली. टाका उसवायला गेली तर हात थरथरायला लागला. भीतीने थरथरतोय, तिने स्वतःला बजावलं. भीतीनेच.

मुंगी खदखदून हसली. "वकीलकाका! माझा पाय वकीलकाका झाला!" मग एकदम थांबली. एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा कात्रीकडे. दवाखान्यात नंबराची चिठ्ठी नेहमी तिच्याच मुठीत असायची. आपल्या आधी कोण, नंतर कोण, तिला सगळं पाठ असायचं.

ती आईच्या मांडीला येऊन टेकली.

"आई, आजोबांच्या नंतर तुझा नंबर आहे?"

कात्री तशीच उघडी राहिली.

"आणि मग माझा?"